डार्मश्टाटच्या देवळातला लिलाव

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे कटकट नको. मी मराठी आहे आणि मी ख्रिस्ती आहे. दोन्ही जन्मापासून. आमच्या घरात पणजीपासून बायबल मराठीतून वाचतात, नाताळाला करंज्या आणि अनारसे करतात, आणि चर्चला देऊळ म्हणतात. गाव नगर जिल्ह्यातलं. मी गोव्याची नाही, केरळची नाही, आणि मला कुणी बाटवलेलंही नाही. एवढं बोलून झालं की मला कुठेही जरा मोकळा श्वास घेता येतो.

डार्मश्टाटला औषधांच्या एका मोठ्या कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मी इथे आले, तेव्हा वाटलं होतं, चला, सुटलो. ख्रिस्ती लोकांचा देश. इथे तरी कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. कसलं काय! पहिल्याच रविवारी देवळात गेले तर दारातल्या एका आजोबांनी मला इंग्रजीतून सांगितलं, की पर्यटकांसाठी चर्च दुपारी उघडं असतं. मी जर्मनमधून म्हटलं, मी उपासनेला आलेय. तर ते गोड हसून म्हणाले, "हो का? मग तुमचं धर्मांतर कधी झालं?"

मी म्हटलं, "तुमचं कधी झालं?"

बिचारे गडबडले. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

इकडे मराठी मंडळीतही निराळं काही नव्हतं. गणपतीला बोलावलं म्हणून हौसेनं गेले, आरतीला टाळ्या वाजवल्या, मोदक खाल्ले. सगळी पुण्या-मुंबईची, सॉफ्टवेअरमधली, प्रेमळ माणसं. मी ख्रिस्ती आहे हे कळल्यावर एक काकू डोळे मोठे करून म्हणाल्या, "अय्या! पण तुझं मराठी किती छान आहे गं!" म्हणजे काय? मी काय पोटातून इंग्रजी बोलत आले? आणि त्यांचे अहो, अगदी सहज विचारल्यासारखं दाखवत, "मूळचं आडनाव काय तुमचं?" मी म्हटलं, "मूळचं म्हणजे किती खोल? विहीर खणायची का?" त्यानंतर त्यांनी माझ्या ताटात आणखी एक मोदक वाढला आणि विषय बदलला.

तर अशी तीन वर्षं गेली. देवळात मी दर रविवारी जायचे, डावीकडच्या चौथ्या बाकावर बसायचे. माझ्या पगारातून चर्चचा कर दर महिन्याला कापून जातो. इथे तशीच पद्धत आहे, धर्म लिहून दिला की सरकारच कापून घेतं. माझ्याबरोबरच्या निम्म्या जर्मन पोरांनी तो वाचवायला चर्च सोडलंय. मी नाही सोडलं. मुद्दामच नाही सोडलं. पण उपासना संपल्यावर कॉफीच्या वेळी अजूनही कुणीतरी येऊन विचारायचं, "आमच्याकडे आवडलं का तुम्हाला?" आमच्याकडे! मी कप खाली ठेवायचे आणि घरी निघून यायचे.

मग आई आली.

आई म्हणजे निवृत्त अंगणवाडीसेविका. अख्ख्या गावातली पोरं तिनं खिचडी खाऊ घालून वाढवली, त्यामुळे समोरचा माणूस कलेक्टर असला तरी त्याचं नाक पुसायला ती कमी करणार नाही. बाबांना शेळ्यांपाशी ठेवून ती सप्टेंबरात पर्यटक व्हिसावर आली. आल्या आल्या, अजून बूट काढायच्या आत, तिनं मुद्दा काढला.

"मला एवढंच सांग. तू आजारी पडलीस तर तुझ्या उशाशी बसायला कोण आहे इथं?"

"आई, इथे डॉक्टर आहेत, विमा आहे, ॲम्ब्युलन्स आहे."

"ॲम्ब्युलन्स उशाशी बसती का? मला माणूस दाखव. एक माणूस. दाखवलास तर मी गप बसेन. नाहीतर माझ्याबरोबर चल."

तिच्या पिशवीत सगळं तयार होतं. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधली जागा, आणि नगरच्या पाळकांचा मुलगा. तो चांगला आहे हो, मी त्याला संडे स्कूलपासून ओळखते, तेव्हाही तो चांगलाच होता आणि मला तेव्हाही नको होता. पाळकांना आईनं शब्द दिला होता, की ऑक्टोबरात परत येईन तेव्हा हो की नाही ते पक्कं सांगेन. मी सांगितलं, नाही. आईनं ऐकलं नाही. आमच्यात बाकीच्या घरांसारखे टोमणे तोंडावर मारत नाहीत, प्रार्थनेतून मारतात. रोज सकाळी ती माझ्या सोफ्यावर डोळे मिटून मोठ्यानं सुरू करायची, "प्रभू, परक्या देशात एकट्या पडलेल्या, आईबापाचं न ऐकणाऱ्या लेकरांना सद्बुद्धी दे." मी दात घासता घासता बाथरूममधून ओरडायचे, "आमेन म्हणणार नाही मी याला!"

माझा हट्ट होता, आणि तो खराच होता. मला इथलं काम आवडतं. संध्याकाळी सायकलवरून घरी येताना मला कुणी विचारत नाही की एवढा उशीर का. माझं आयुष्य मी उभं केलंय, ते गुंडाळून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मांडायला मी तयार नव्हते. पण आईनं विचारलेला तो एक माणूस मला दाखवता येत नव्हता, आणि त्याचाच राग जास्त होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथे कापणीचा सण असतो. आमच्याकडेही असतोच. फक्त आमच्याकडचा कापणीचा सण म्हणजे जत्राच. ज्याच्या घरी जे पिकलं ते त्यानं देवळात आणायचं. बाजरीची पायली, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, एखादं करडूसुद्धा. उपासना झाली की तिथेच लिलाव. साधं लिंबू असलं तरी त्यावर बोली चढत जाते, घेणारा ते पुन्हा दान करतो, पुन्हा लिलाव होतो, आणि त्यातून देवळाची कौलं बदलतात. ज्याच्याकडे काहीच पिकलं नाही तो घरी केलेलं आणतो, आणि त्याच्यावर तर माणसं मुद्दाम चढाओढीनं बोलतात. पोरांचा दंगा, पाळकांचं ओरडणं, बायकांचं हसणं. लहानपणी मला नाताळापेक्षा हा सण जास्त आवडायचा.

आईला कळलं की या रविवारी इथे तोच सण आहे, आणि तिची कळी खुलली. "मग मोकळ्या हातानं जायचं का?" तिनं बॅगेतून बाजरीचं पीठ काढलं. शनिवारी संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापल्या. या काचेच्या शेगडीवर जाळ नाही, त्यामुळे भाकरी फुगेना. आईनं शेगडीला असं काही सुनावलं की मला हसू आवरेना. शेवटी ओव्हनच्या वरच्या कप्प्यात घालून तिनं त्या फुगवल्याच. वर तीळ. धुराचा अलार्म वाजला, खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीनं ठोकलं, आईनं वरून पाय आपटून उत्तर दिलं.

रविवारी वेदी फार सुंदर सजवली होती. भोपळे, सफरचंदं, द्राक्षांचे घड, मक्याची कणसं, गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव. आईनं सलाम करून आपली भाकरीची चवड, स्वच्छ पंचात गुंडाळून, दोन भोपळ्यांच्या मध्ये ठेवली. आम्ही चौथ्या बाकावर जाऊन बसलो. आईला इथल्या गाण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती चालीवर आपले मराठी शब्द बसवून खणखणीत गात होती. पुढच्या बाकावरच्या दोघी मागे वळून बघायच्या. मी त्यांच्याकडे बघून आणखी मोठ्यानं गायला लागले.

दुसरं गाणं चालू असताना आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"भाकरी कुठंय?"

मी बघितलं. दोन भोपळ्यांच्या मध्ये आता तिसरा भोपळा होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि बाजूच्या दारानं मागच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे क्युस्टरिन कॉफीचं मशीन लावत होती. क्युस्टरिन म्हणजे देवळाची सगळी व्यवस्था बघणारी बाई. घंटा, मेणबत्त्या, फुलं, कॉफी, सगळं तिच्याकडे. साठीची, आखूड पांढरे केस, कमी बोलणारी. तीन वर्षांत तिचं माझं बोलणं 'गूटन मोर्गन'च्या पुढे गेलं नव्हतं. आईची भाकरी तिच्याजवळ एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली होती.

"ही तुम्ही काढलीत?"

"हो," ती म्हणाली. "वेदीवरचं सगळं उद्या गरजूंना वाटायला जातं. घरी शिजवलेलं ते घेत नाहीत. स्वच्छतेचा नियम आहे. आणि आपण ती कॉफीबरोबर ठेवू शकतो. लोकांना काहीतरी भारतीय खायला आवडेल."

"काहीतरी भारतीय नाहीये ते," मी म्हटलं. "ते दान आहे. माझ्या आईनं देवाला दिलंय. कॉफीबरोबर चाखायला नाही."

"नियम मी केलेला नाही."

"मग मोडायलाही तुमची परवानगी लागणार नाही."

मी पिशवी फाडली, भाकरी पंचात घेतल्या, आणि बाजूच्या दारानं नाही, मुद्दाम मधल्या वाटेनं, सगळ्या बाकांच्या मधून, गाणं चालू असताना वेदीपाशी गेले. तो तिसरा भोपळा उचलला आणि पायरीवर ठेवला. तो नीट बसला नाही, गडगडत खाली गेला आणि पाळकबाईंच्या पायाशी थांबला. त्या बिचाऱ्या गातच राहिल्या. मी चवड जागेवर ठेवली आणि परत येऊन बसले. आईनं माझ्या मांडीवर थोपटलं आणि पुढचं कडवं उचललं.

खरी पंचाईत पुढे झाली. आशीर्वाद झाला, माणसं उठायला लागली, आणि आई बाह्या सरसावून पुढे निघाली.

"लिलाव कोण करतंय?"

"आई, इथे लिलाव नसतो."

"नसतो म्हणजे? मग एवढा माल मांडलाय कशाला, नुसता बघायला?" तिला ते पटेचना. "असं कसं चालंल? देणाऱ्याचं नाव निघत नाही, घेणाऱ्याचं नाव निघत नाही, मग माणसाला माणूस कळायचं कसं? तू कर."

"मी?"

"तोंड आहे ना? एवढा वेळ भांडायला होतं ते."

सांगते ना, मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला होता. आईचा, क्युस्टरिनचा, दारातल्या आजोबांचा, मूळचं आडनाव विचारणाऱ्यांचा. मी वेदीच्या पायरीवर उभी राहिले आणि खणखणीत जर्मनमध्ये म्हटलं, की आमच्या देवळात कापणीच्या सणाला दानाचा लिलाव होतो, जो जास्त देईल त्याचं दान, पैसा देवळाचा, आणि आज पहिली वस्तू माझ्या आईच्या हातची बाजरीची भाकरी.

सगळे जागच्या जागी थांबले. मंडळीच्या कारभारी समितीचे अध्यक्ष पुढे आले. अतिशय सभ्य गृहस्थ. "कल्पना छान आहे," ते हळू आवाजात म्हणाले, "पण हे आधी बैठकीत मांडायला हवं होतं. आणि पाहुण्यांनी असं अचानक..."

"मी पाहुणी नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "तीन वर्षं मी या बाकावर बसते. तुम्ही कर घेता तेव्हा मला पाहुणी म्हणत नाही. माझ्या पणजीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा गावानं तिला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, तरी तिनं देऊळ सोडलं नाही. मी तिची आहे. हे देऊळ जेवढं तुमचं तेवढं माझं. भाकरीला बोली कोण लावतंय?"

कुणीही नाही.

कुणीतरी खोकलं. एका बाईनं पर्स उघडली आणि परत बंद केली. मला आतून रडू यायला लागलं होतं, पण मी मान ताठ ठेवली. आई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच होतं जे मला नको होतं. कीव. आता ही म्हणणार, चल घरी.

तेवढ्यात मागून आवाज आला. "त्यात गहू आहे का?"

क्युस्टरिन. हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"नाही," मी म्हटलं. "बाजरी. नुसती बाजरी, पाणी आणि वर तीळ."

"मला गहू चालत नाही. आजारी पडते. कॉफीबरोबरचा केक मला कधीच खाता येत नाही." ती पुढे आली आणि एक आकडा बोलली. तो अगदी बरा आकडा होता. "सगळ्या हव्यात."

मी चवड उचलून तिच्यापुढे धरली. पण आईनं, भाषा कळत नसताना, झालेला सौदा बरोबर ओळखला. ती पायरी चढून आली आणि चवडीवर हात ठेवला.

"थांब. देऊ नकोस. आधी विचार तिला. म्हणावं, माझी पोरगी आजारी पडली तर तू येशील का?"

"आई! असं कुणी विचारतं का?"

"मी विचारते. जसंच्या तसं सांग. मध्ये तुझं घालू नकोस."

सगळं देऊळ बघत होतं. मी सांगितलं. जसंच्या तसं.

क्युस्टरिननं जरा विचार केला. जर्मन माणूस अशा वेळी उगाच गोड बोलत नाही. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "ती कुठे राहते ते मला माहीत नाही. कॉफीला धड थांबत नाही. कधी कुणाला घरी बोलावलेलं मी ऐकलेलं नाही. मला वाटलं, तिला आम्ही आवडत नाही."

"काय म्हणाली?" आई.

तेव्हा खरं तर मला थोडं फिरवून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, आणि माझ्याकडे वळून, त्या सगळ्यांच्या समोर, मराठीतून माझी अशी काही हजेरी घेतली की समितीचे अध्यक्षसुद्धा दोन पावलं मागे सरकले.

"तीन वर्षं! आणि या बाईला तू एक कप चहा पाजला नाहीस? लोक पाहुणी म्हणतात म्हणून नाचतेस, आणि वागतेस कशी? पाहुण्यासारखी! आली, बसली, गेली!"

"त्यांनी आधी बोलवायचं होतं!" मीही ओरडले. "मी का बोलवू? मी काय कमी आहे?"

"कमी नाहीस म्हणूनच तू बोलवायचं! घर कुणाचंय? तुझं. मग बोलवायचं कुणी?"

तिचं हे वाक्य मला अजून खटकतं. आईनं भाकरीची चवड पंचासकट क्युस्टरिनच्या हातात दिली, तिच्याकडे बोट दाखवून मग माझ्याकडे दाखवलं, आणि खाण्याची खूण केली. "गुरुवारी," ती मला म्हणाली. "सांग तिला. त्या दिवशी ताज्या करते." मी सांगितलं. क्युस्टरिन म्हणाली, "हो, बरोबर. गुरुवार. चार वाजता," आणि पैसे दानपेटीत टाकले.

ती चारला आली. चारला म्हणजे चारलाच. आईनं भाकरी, पिठलं, ठेचा असा थाट मांडला होता. क्युस्टरिननं ठेच्याचं बोट जिभेला लावलं, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि पुन्हा घेतला. मी मधे बसून दोघींचं बोलणं इकडून तिकडे करत होते. तिला एक मुलगा आहे, तो बर्लिनला असतो, वर्षातून एकदा येतो. आई म्हणाली, "बघ, हिची पण तीच कथा." मी तेवढं भाषांतर गाळलं.

निघताना क्युस्टरिननं कोट घालता घालता विचारलं, "तुझी जादा किल्ली कुणाकडे असते?"

इथली दारं बाहेरून ओढली की आपोआप बंद होतात. किल्ली आत राहिली तर बोंबला. म्हणून इथे प्रत्येकाची एक जादा किल्ली कुणातरी माणसाकडे ठेवलेली असते.

"माझ्या ड्रॉवरमध्ये," मी म्हटलं.

क्युस्टरिन हसायलाच लागली. मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं. "आतल्या ड्रॉवरमध्ये?"

"काय झालं हसायला?" आईनं विचारलं. मी सांगितलं. आई हसली नाही. ती उठली, ड्रॉवर उघडला, किल्ली काढली आणि क्युस्टरिनच्या तळहातावर ठेवली.

"आई! माझं घर आहे ते! मला विचारशील तरी!"

"तुला काय विचारायचं? तापानं फणफणलीस तर दार उघडायला तू उठणार आहेस का?"

क्युस्टरिननं माझ्याकडे बघितलं. ती थांबली होती, माझ्यासाठी. मी नको म्हणू शकत होते. शब्द अगदी जिभेच्या टोकावर होता. मला कुणाची देखरेख नको होती, आईची नको होती आणि हिची तर नकोच. मी मान हलवली. कशी हलवली मला ठाऊक नाही, पण तिनं मूठ मिटली आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात घातली.

ती गेल्यावर आईनं ताटं उचलली. नळ सोडला. पाठमोरीच म्हणाली, "पाळकांना आज फोन करते. म्हणावं, पोरगी येत नाही."

"मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते!"

"तू सांगत होतीस ते हट्टानं. हट्टावर सोडून जाता येत नाही पोरीला." तिनं पदरानं डोळे टिपले, आणि मी बघतेय हे कळल्यावर माझ्याच अंगावर खेकसली, "उभी काय राहिलीस? फडकं घे, पूस."